बाघचे छोटे, कच्छचे चपटे: सी अर्चिनांचे समुदाय कसे बदलत गेले

बाघ आणि कच्छचे जीवाश्म पाहून आल्यावर तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्य प्रदेशातल्या बाघच्या क्रिटेशस काळातल्या (साधारण ९ कोटी वर्षांपूर्वीच्या) चुनखडकात मिळणारे सी अर्चिन, म्हणजे समुद्रतळावरचे काटेरी कवचाचे प्राणी, लहान, फुगीर आणि हृदयाच्या आकाराचे असतात. कच्छच्या मायोसीन काळातल्या (साधारण २ कोटी वर्षांपूर्वीच्या) थरांतले मात्र तळहाताएवढे, चपटे आणि पाठीवर पाच पाकळ्यांची नक्षी असलेले. पाठ्यपुस्तकात पहिला दाखवतात तो गोल, लांब काट्यांचा अर्चिन. मग गोल, त्यातून हृदयाकृती, त्यातून चपटा असा हा क्रम समजायचा का? आणि एका काळातले अर्चिन जाऊन दुसरे का आले?

असा क्रम नाही. गोल अर्चिन कुठेही गेलेले नाहीत. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला उतरलात तर खडकांच्या खळग्यांत काळे-जांभळे काटे पसरून बसलेले दिसतील. गेल्या २० कोटी वर्षांत मोठी घडामोड झाली ती एकच: अर्चिनांची एक शाखा कठीण तळ सोडून गाळात शिरली आणि गाळात राहण्याच्या एकेक नव्या तऱ्हा तिने शोधल्या. जुन्या वाड्याला मागे-पुढे खोल्या वाढत जाव्यात आणि मूळ बिऱ्हाड माजघरातच राहावं, तसा हा प्रकार आहे. पण गाळात राहणारा प्राणी मेल्यावर गाळातच पुरलेला असतो, त्यामुळे त्याचा जीवाश्म सहज होतो. खडकावर राहणाऱ्याचं तसं नाही. म्हणजे तुम्ही बाघला आणि कच्छला जे पाहिलं त्यात कोण जगलं आणि कोण टिकलं या दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. आधी टिकण्याचा हिशेब समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं चुकीचं वाचलं जाईल.

अर्चिनचं कवच शिंपल्यासारखं अखंड नसतं. ते शेकडो छोट्या पट्टिकांचं असतं आणि प्रत्येक पट्टिका म्हणजे कॅल्साइटचा एकच स्फटिक, आतून स्पंजासारखा सच्छिद्र. खडकाचा पातळ छेद करून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली फिरवला की अर्चिनचा तुकडा एकदम, सगळाच्या सगळा काळा पडतो. हीच त्याची ओळख. काट्याचा आडवा छेद तर इतका सुबक, किरणांसारख्या रेषांचा असतो की एकदा पाहिला की विसरत नाही. या पट्टिका जिवंतपणी कोलॅजनच्या धाग्यांनी शिवलेल्या असतात. मेल्यावर धागे कुजतात, काही दिवसांत काटे गळतात, जबडा निखळतो आणि थोडी लाट लागली की कवच मोकळं होतं. सुझन किडवेल आणि टोमाझ बाउमिलर यांनी १९९० मध्ये मेलेले अर्चिन वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात कुजवून मग ते घुसळून पाहिले. थंड पाण्यातली कवचं जास्त काळ एकसंध राहिली. उष्ण कटिबंधातल्या उथळ समुद्रात, म्हणजे आपल्याकडे ज्या समुद्रांचे थर आहेत तशा ठिकाणी, पूर्ण कवच मिळण्याची शक्यता त्यामुळे आणखी कमी.

आता यात फरक असा. चपट्या सँड डॉलर अर्चिनच्या आणि त्याच्या नात्यातल्या क्लायपिॲस्टरच्या कवचात वरच्या आणि खालच्या भिंतीला जोडणारे आतले खांब असतात. हृदयाकृती अर्चिनचं कवच पातळ असतं, पण तो पुरलेलाच मरतो. खडकावरच्या गोल अर्चिनला यातलं काहीच नाही. स्मिथसोनियन संस्थेतल्या पोर्टर किअर यांनी १९७७ मध्ये नेमकं हेच दाखवलं: आजच्या समुद्रांत गोल म्हणजे नियमित अर्चिनांच्या आणि हृदयाकृती, चपट्या अशा अनियमित अर्चिनांच्या प्रजाती साधारण बरोबरीच्या आहेत, पण जीवाश्मांत अनियमितांचं पारडं फारच जड आहे. हा असमतोल समुद्रात नव्हता, तो थरांत तयार झाला. जेम्स नेबेलसिक यांनी लाल समुद्रातल्या सफागा उपसागरात जिवंत अर्चिन आणि तळाच्या वाळूतले त्यांचे तुकडे यांची सांगड घातली. पूर्ण कवचांवरून जो समुदाय दिसतो त्यापेक्षा तुकड्यांवरून दिसणारा समुदाय प्रत्यक्षाच्या जवळ जातो, हे त्या कामातून माझ्यासारख्या थर मोजणाऱ्यांनी उचललेलं सर्वांत उपयोगी सूत्र. संग्रहालयाच्या कपाटात मात्र पूर्ण कवचंच ठेवलेली असतात.

हे लक्षात ठेवून सुरुवातीकडे जाऊ. अर्चिन पहिल्यांदा ऑर्डोव्हिसियन काळात दिसतात, साधारण ४५ कोटी वर्षांपूर्वी. स्कॉटलंडमधल्या गर्व्हनजवळच्या थरांत त्या काळाच्या अखेरीचे काही नमुने मिळाले आहेत. पुराजीव महाकल्पातले, म्हणजे तेव्हापासून पर्मियन काळाच्या अखेरपर्यंतचे अर्चिन आजच्यासारखे नव्हतेच. पट्टिका छपरावरच्या कौलांप्रमाणे एकीवर एक चढलेल्या, कवच लवचीक आणि पट्टिकांच्या रांगांचा काही ठरलेला आकडा नाही. अमेरिकेत सेंट लुइस शहराच्या परिसरातल्या कार्बॉनिफेरस (साधारण ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या) काळातल्या चुनखडकातला मेलोनेकायनस हा अर्चिन घ्या. त्याच्या एकेका पट्ट्यात दहाच्या आसपास रांगा भरतात. ही कवचं मेल्यावर ताबडतोब विस्कटत, म्हणून त्या काळातले अर्चिन 'दुर्मीळ' म्हटले जातात. खरोखर थोडेच होते की फक्त टिकले थोडे? माझं मत दोन्हीचं मिश्रण असं आहे. आर्किओसिडॅरिस या अर्चिनचे सुटे काटे कार्बॉनिफेरस थरांत जागोजाग सापडतात, म्हणजे प्राणी अगदीच विरळा नव्हता. तरी समुद्रतळाचं राज्य तेव्हा क्रिनॉइड (देठावरच्या फुलासारखे दिसणारे प्राणी) आणि ब्रॅकिओपॉड (दोन शिंपांचे प्राणी) यांचं होतं, हेही तितकंच खरं. गाळ उकरणारा अर्चिन तर कुठेच नव्हता.

पर्मियन काळाच्या शेवटी, २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, समुद्रातलं बहुतेक जीवन नष्ट झालं. अर्चिनांच्या अगदी मोजक्या शाखा पलीकडे पोचल्या. आजच्या सगळ्या अर्चिनांच्या कवचात पट्टिकांच्या बरोबर २० रांगा असतात: नलिकापादांच्या, म्हणजे मऊ नळीसारख्या पायांच्या, रांगांच्या पाच जोड्या आणि त्यांच्या मधल्या पाच जोड्या. ही घडण त्या संहारातून वाचलेल्यांची आहे. पूर्वी असं समजत की संहारानंतर एकाच पूर्वजापासून सगळे निघाले. पण टेक्ससमधल्या पर्मियन खडकातल्या इओटिॲरिस या अर्चिनच्या अभ्यासाने २०१५ मध्ये चित्र बदललं. सुमारे २६ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच सिडॅरिडांची, म्हणजे जाड काट्यांच्या गोल अर्चिनांची, शाखा उरलेल्यांपासून वेगळी झाली होती. म्हणजे दोन घराणी आधीच फुटलेली होती आणि दोन्ही वाचली. इतर किती घराणी त्याच दारापर्यंत येऊन थांबली, हे मात्र विस्कटलेल्या पट्टिकांतून काढावं लागतं.

त्यापुढच्या ट्रायासिक काळावर फार थांबत नाही. इटलीच्या डोलोमाइट पर्वतातल्या सेंट कॅसियन थरांत पुष्कळ काटे आणि पट्टिका मिळतात. गदेसारखे, पानासारखे, मणके ओवल्यासारखे असे काट्यांचे इतके नमुने तिथे आहेत की नुसत्या काट्यांवर कितीतरी प्रजातींची नावं ठेवली गेली. एकाच प्राण्याच्या अंगावर वर एक तऱ्हेचे आणि खाली दुसऱ्या तऱ्हेचे काटे असतात. त्यामुळे नावांची संख्या आणि प्राण्यांची संख्या एकच समजू नये.

खरी कलाटणी आरंभीच्या जुरासिकमध्ये, साधारण १९ ते २० कोटी वर्षांपूर्वी. गोल अर्चिनचं तोंड खाली मध्यभागी आणि गुदद्वार वर, शेंड्यावरच्या पट्टिकांच्या वर्तुळात असतं. खडक खरवडून खाणाऱ्याला हे सोयीचं: खाली खायचं, वर टाकायचं, पाण्याचा प्रवाह घाण नेतो. गाळात शिरल्यावर मात्र वर टाकलेलं परत अंगावरच बसतं. पहिल्या अनियमित अर्चिनांत गुदद्वार शेंड्याच्या वर्तुळाला मागच्या बाजूने लांबवत जातं, मग त्या वर्तुळाबाहेर पडतं, मग कवचाच्या मागच्या कडेला आणि काही गटांत खालच्या अंगाला येतं. याबरोबरच प्राण्याला पुढची आणि मागची बाजू मिळते. काटे आखूड, बारीक आणि दाट होतात, कारण आता काम राखणीचं नसून माती मागे ढकलण्याचं असतं. पाठीवरचे नलिकापाद रुंद, पानासारखे होऊन श्वसनाला लागतात, आणि त्यांच्या छिद्रांच्या रांगा कवचावर पाकळ्यांसारख्या दिसतात. जबडाही, ज्याला ॲरिस्टॉटलचा कंदील म्हणतात, काही घराण्यांत मोठेपणी नाहीसा होतो. गाळ सरळ तोंडात ओढणाऱ्याला दातांची गरज नाही.

इतकी उठाठेव कशासाठी, तर गाळात अन्न होतं. कुजकं सेंद्रिय द्रव्य, जिवाणू, सूक्ष्म शैवाल, आणि त्या अन्नावर हक्क सांगणारे मोठे प्राणी फार नव्हते. शिवाय वर खेकडे, मासे, शंख यांचा त्रास मध्यजीव महाकल्पात (ट्रायासिक ते क्रिटेशस) वाढत चालला होता. गीरट व्हर्मे यांनी १९७७ मध्ये मांडलेली 'मध्यजीव सागरी क्रांती' ही कल्पना हीच: शिकारी बळकट झाले तसे तळावर उघड्यावर बसणारे प्राणी मागे हटले, काही खाली गेले, काहींनी कवच जाड केलं. अर्चिनांच्या बाबतीत मी हे कारण दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. अर्चिनांच्या कवचाला भोक पाडून खाणाऱ्या कॅसिड शंखांच्या खुणा क्रिटेशसपासून दिसू लागतात आणि नवजीव महाकल्पात, म्हणजे क्रिटेशसनंतरच्या काळात, वाढतात. अर्चिन मात्र त्याच्या कितीतरी आधीच गाळात गेलेले होते.

इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड टेकड्यांत मध्य जुरासिकचा क्लायपियस प्लॉटी नावाचा मोठा, भाकरीसारखा पसरट अर्चिन मिळतो. तिथल्या दूधवाल्या बायका तो लोणी तोलायला वजन म्हणून वापरत, आणि जगातला पहिला मोठा भूवैज्ञानिक नकाशा काढणारा विल्यम स्मिथ ऑक्सफर्डशायरच्या चर्चिल गावात लहानपणी हीच 'वजनं' पाहत मोठा झाला. विषयाला हे जरुरीचं नाही, पण हा दगड किती मुबलक होता हे त्यावरून कळतं. जुरासिकमधला अनियमित अर्चिन म्हणजे कुठे तुरळक भेटणारा पाहुणा नव्हता.

त्याच काळात वर राहिलेल्यांनीही दात सुधारले. गोल अर्चिनांच्या काही घराण्यांत दाताला आतून इंग्रजी टी अक्षरासारखी कड आली, त्यामुळे दात वाकत नाहीत आणि खडक खोलवर खरवडता येतो. पाच दातांनी ओढलेले चरे शिंपल्यांवर आणि कठीण तळावर ताऱ्यासारखे उमटतात. रिचर्ड ब्रॉमली यांनी १९७५ मध्ये अशा खुणांना नॅथिक्नस हे नाव दिलं. अर्चिनचं एकही कवच न सापडलेल्या थरात ह्या चांदण्या मिळाल्या तर तिथे खरवडणारे अर्चिन होते असं बेधडक लिहावं. गोल अर्चिनांच्या इतिहासातली मोठी पोकळी भरून काढणारा हा पुरावा आहे आणि आपल्याकडच्या थरांत तो पुरेसा कोणी शोधत नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे.

क्रिटेशसमध्ये हृदयाकृती अर्चिन आले आणि इथे अभ्यासाला सोनं मिळालं, कारण उत्तर-पश्चिम युरोपातला खडूचा थर. ओळीने लाखो वर्षं साचलेला एकसारखा मऊ पांढरा गाळ, मोठी उलथापालथ नाही आणि त्यात मायक्रॅस्टर हा हृदयाकृती अर्चिन जागोजाग. मार्गेटचे डॉक्टर आर्थर रो यांनी दोन हजारांहून अधिक मायक्रॅस्टर थराथराने गोळा करून १८९९ मध्ये जे मांडलं ते आजही वाचण्यासारखं आहे. खालच्या थरातून वर जाता जाता कवच रुंद होतं, सर्वांत उंच बिंदू मागे सरकतो, तोंड पुढच्या कडेकडे जातं, तोंडावर ओठासारखी पट्टिका वाढत येते, पाकळ्या लांब आणि खोल होतात आणि त्यांच्या मधली गुळगुळीत जागा दाणेदार होत जाते. पाकळ्यांमधल्या त्या दाण्यांवरून नमुना कुठल्या पट्ट्यातला हे रो सांगू शकत. मायक्रॅस्टर लेस्केई, मग कॉर्टेस्टुडिनॅरियम, मग कोरँग्विनम अशी नावं त्या क्रमाला पडली आणि खडूच्या थरांचे पट्टेही त्यांच्याच नावाने ओळखले गेले.

डेव्हिड निकल्स यांनी १९५९ मध्ये यातल्या बदलांचा अर्थ आजच्या एकिनोकार्डियम या हृदयाकृती अर्चिनशी ताडून लावला. एकिनोकार्डियम वाळूत हाताच्या वितीएवढं खोल बसतो आणि लांब नलिकापादांनी वर पाण्यापर्यंत एक बारीक नळी उघडी ठेवतो. दाणेदार भाग म्हणजे सूक्ष्म केसांनी पाणी वाहतं ठेवणारी त्वचा, ओठ म्हणजे गाळ आत ओढण्याची सोय, म्हणून मायक्रॅस्टरची मुख्य ओळ अधिकाधिक खोल जात गेली असा तो निष्कर्ष. खोलीचा हा हिशेब पुढे बऱ्याच जणांनी सैल केला. पाणी फिरवण्याची क्षमता वाढली हे कवचावर दिसतं, पण प्राणी नेमका किती सेंटिमीटर खाली होता हे कवच सांगत नाही. मी तर विद्यार्थ्यांना याच उदाहरणावरून सावध करतो: एका वंशाची ओळ आणि एका समुद्राचा समुदाय या वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच खडूत मायक्रॅस्टरच्या जोडीला एकिनोकोरिस हा उंच घुमटासारखा अर्चिन आहे, तो गाळाच्या अगदी वरच्या थरात राहणारा. सिडॅरिडांचे काटे आहेत. मायक्रॅस्टर बदलला म्हणून सगळा समुदाय खाली उतरला असं होत नाही.

आता बाघ. नर्मदेच्या खोऱ्यात साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक हात आत शिरला होता. बाघची प्रसिद्ध लेणी ज्यात कोरली आहेत तो निमाड वालुकाश्म या मालिकेच्या तळाशी. त्यावर गाठीगाठींचा चुनखडक, त्यावर ब्रायोझोआंनी (वसाहतीने राहणाऱ्या सूक्ष्म सागरी प्राण्यांनी) भरलेला 'कोरलाइन' म्हणवला जाणारा चुनखडक आणि पुढे सगळ्यावर दख्खनचा लाव्हा. चिराखान आणि आसपासच्या भागात गाठीच्या चुनखडकात हेमिॲस्टर आणि त्याचा निकटचा नातलग मेकॅस्टर हे हृदयाकृती अर्चिन भरपूर आहेत. तुम्ही पाहिलेले बहुधा हेच. पाकळ्यांच्या भोवती एक बारीक गुळगुळीत पट्टा फिरलेला दिसेल, त्याला फॅसिओल म्हणतात. त्यावरचे सूक्ष्म काटे चिकट द्रव सोडतात आणि पाण्याचा प्रवाह चालू ठेवतात, म्हणजे पाठीवरचा गाळ श्वसनाच्या भागात पडत नाही. हा पट्टा दिसला की प्राणी गाळात, पण फार खोल नाही असं समजायला हरकत नाही. मायक्रॅस्टरच्या शेपटीकडे असतो तसा गुदद्वाराखालचा पट्टा इथे नाही.

बाघचे नमुने पी. मार्टिन डंकन यांनी १८६५ मध्ये अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या नमुन्यांबरोबर एकत्र वर्णिले, आणि हे एकत्र ठेवणं अर्थपूर्ण होतं. बाघचे अर्चिन अरबस्तान आणि भूमध्य समुद्राकडच्या अर्चिनांशी जुळतात, तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीकडच्या समकालीन थरांशी तितके जुळत नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या भूवैज्ञानिकांनी यावरून दोन समुद्रांच्या मध्ये जमीन होती असा अर्थ काढला. भारत तेव्हा मादागास्करजवळ आणि आजच्या जागेपासून फार दक्षिणेला होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तरी समुदाय वेगळे असण्याला भूगोल कारण असू शकतो ही त्यांची दृष्टी बरोबर होती. पुढे १९३० च्या दशकात भूवैज्ञानिक चिपळोणकरांनी बाघच्या अर्चिनांवर पुन्हा काम केलं. नंतर पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाघच्या जीवाश्मांची जी परंपरा उभी केली तिच्यामुळे हा विषय मराठी मुलखाला परका राहिला नाही.

बाघचे अर्चिन लहान का? एक कारण प्राण्याच्या घराण्यातच आहे: हेमिॲस्टर जगात सगळीकडे साधारण लहानच. दुसरं, आत शिरलेल्या अरुंद समुद्रात क्षारता आणि गाळ यांची ओढाताण. 'उत्क्रांतीत आधी लहान, मग मोठे' असा अर्थ काढू नका. बाघनंतर काही कोटी वर्षांनी पण क्रिटेशसमध्येच, तमिळनाडूतल्या अरियलूरजवळच्या कल्लनकुरिची चुनखडकात स्टिग्माटोपायगस हा चांगला दांडगा अर्चिन आहे. तो हृदयाकृती नाही. कॅसिड्युलॉइड गटातला, अंडाकृती, तोंडाभोवती फुलासारखी ठेवण असलेला. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्ट इथे आणि बलुचिस्तानात त्याच सुमाराचा हेमिन्यूस्टिस तर त्याहून भव्य.

त्यातले हेमिन्यूस्टिससारखे काही ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या संहारात संपले. अँड्र्यू स्मिथ आणि शार्लट जेफ्री यांनी १९९८ मध्ये नमुने नव्याने तपासून दाखवलं की अर्चिनांच्या सुमारे एक तृतीयांश शाखा गेल्या. हा आकडा आधीच्या अंदाजांपेक्षा विश्वासार्ह आहे, कारण त्यांनी नावांच्या याद्यांवर विसंबून न राहता प्रत्यक्ष नमुने पाहिले. अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखांचे सागरी प्राणी) पूर्ण गेले त्या मानाने अर्चिनांची वाट बरीच सोपी गेली. गाळ खाणाऱ्याला पृष्ठभागावरच्या प्रकाशसंश्लेषणाचा खंड लगेच जाणवत नाही. गाळात जुनी शिदोरी असते. डेन्मार्कच्या स्टेव्हन्स क्लिंटच्या कड्यांत सीमेच्या वर एकिनोकोरिस पुन्हा दिसतो, आणि तिथल्या डॅनियन, म्हणजे संहारानंतरच्या लगेचच्या, थरांत टायलोसिडॅरिसचे गदेसारखे काटे इतके आहेत की त्यांच्या प्रजातींवरून थरांचे पट्टे पाडतात. गोल आणि जुन्या घराण्यातला सिडॅरिड, संहारानंतरच्या समुद्रात असा ठळकपणे समोर येतो, हे 'जुने जातात, नवे येतात' या समजुतीला चांगलं उत्तर आहे.

नवजीव महाकल्पात दोन गोष्टी एकमेकींना छेदून जातात. कॅसिड्युलॉइड इओसीन काळात (साधारण ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वी) भरभराटीला होते आणि आज त्यांच्या मूठभर प्रजाती उरल्या आहेत. सँड डॉलर आणि त्यांचे नातलग यांचा सर्वांत जुना नमुना टोगोमधल्या पॅलिओसीन, म्हणजे इओसीनच्या आधीच्या काळातल्या, खडकातला, बारीकसा टोगोसायॅमस. मध्य इओसीनपर्यंत ते जगभर पसरतात. जागेची अदलाबदल झाली असं पुष्कळदा लिहितात. मला ते अर्धंच पटतं. कॅसिड्युलॉइड गाळात पुरून हळूहळू गाळ गिळणारे. सँड डॉलर लाटांखालच्या हलत्या वाळूत, अगदी वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये, दाणा दाणा निवडून खाणारे, आणि त्यांनी जबडा ठेवलेला आहे. सँड डॉलरांनी ज्या लाटांच्या वाळूत बस्तान मांडलं तिथे पूर्वी मोठा अर्चिन जवळपास नव्हताच. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या डेंड्रॅस्टरची पिल्लं वाळूतले जड मॅग्नेटाइटचे कण निवडून पोटात साठवतात, लाटेने उचललं जाऊ नये म्हणून. इतकी ती जागा अवघड आहे.

कच्छमध्ये हा सगळा बदल एकाच तालुक्यात पायी फिरून पाहता येतो, म्हणून मला तो प्रदेश फार मोलाचा वाटतो. हरुडी आणि फुलरा या मध्य इओसीन थरांत न्युम्युलाइटांच्या (नाण्यासारख्या कवचांच्या एकपेशीय जीवांच्या) गर्दीत एकिनोलॅम्पस हा अंडाकृती अर्चिन आणि हृदयाकृती अर्चिन. वर खारी नदी आणि छसरा या आरंभीच्या मायोसीन थरांत, साधारण २ कोटी वर्षांपूर्वीचे क्लायपिॲस्टर, एकिनोडिस्कस हा सँड डॉलर, आणि ब्रेनिया नावाचा मोठा हृदयाकृती. डंकन आणि स्लेडन यांनी १८८० च्या दशकात सिंध, कच्छ आणि काठियावाडच्या अर्चिनांवर लिहिलेले ग्रंथ अजूनही उघडावे लागतात. तुम्हाला मायोसीनमध्ये चपटेच जास्त दिसले, त्याचं कारण पहिलं म्हणजे तिथले थर उथळ, वाळूमिश्रित पाण्यातले. दुसरं म्हणजे आतल्या खांबांमुळे क्लायपिॲस्टरचं कवच दगडासारखं टिकतं. एकाच थरात पूर्ण क्लायपिॲस्टर दहा आणि गोल अर्चिनचं पूर्ण कवच एकही नाही, पण गाळ चाळला की गोल अर्चिनचे काटे मुठीने, असं नेहमी होतं.

ब्रेनियाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ती आज मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम पॅसिफिककडे राहते. मायोसीनमध्ये तिचं कच्छमध्ये असणं म्हणजे तेव्हाच्या उष्ण उथळ समुद्राची विविधता आपल्या बाजूला जास्त होती आणि तिचं केंद्र पुढे पूर्वेकडे सरकलं, या मोठ्या चित्राचा एक तुकडा. म्हणजे एका ठिकाणचा समुदाय बदलला तरी तो प्राणी संपलाच असं नाही. त्याने बिऱ्हाड हलवलं असेल.

खोल समुद्राबद्दल थोडक्यात: हृदयाकृतींच्या नात्यातले काही गट क्रिटेशसपासून खोल पाण्यात उतरत गेले आणि आज तिथे काचेसारख्या पातळ कवचांचे, बाटलीच्या आकाराचे अर्चिन आहेत. त्यांचे जीवाश्म अतिशय थोडे आहेत, तेव्हा त्या इतिहासातला मोठा भाग जिवंत प्राण्यांच्या जनुकांवरूनच काढावा लागतो.

आणि टिकण्याचा मुद्दा किती गंभीर आहे हे समजायला कॅरिबियन समुद्र पाहा. १९८३ आणि १९८४ मध्ये तिथल्या डायाडेमा या लांब काट्यांच्या गोल अर्चिनांपैकी ९० टक्क्यांहून जास्त एका साथीत मेले, पनामापासून सुरू होऊन साथ सगळ्या समुद्रभर पसरली. प्रवाळांवर शैवाल माजलं, सगळी परिसंस्था बदलली. दहा लाख वर्षांनी कोणी तो थर उकरला तर त्याला काय दिसेल? काट्यांचे तुकडे, जसे वरच्या आणि खालच्या थरांत असतात तसेच. समुदायात इतका मोठा भूकंप झाला हे त्याला कळेल असं मला वाटत नाही. जीवाश्मांवरून मी समुदायाबद्दल जे काही सांगतो त्यातले 'अचानक' आणि 'हळूहळू' हे शब्द म्हणूनच जपून वापरावेत.

पुढच्या वेळी कच्छला गेलात तर पूर्ण कवचं पिशवीत टाकण्याआधी चार गोष्टी वहीत लिहा. कवच तोंड खाली करून बसलंय की उलटं. काटे अजून चिकटलेले आहेत का; असतील तर प्राणी जिथे जगला तिथेच पुरला गेला. कवचावर ऑयस्टर, बार्नॅकल, नळीतले किडे बसलेत का आणि एकाच अंगावर की दोन्ही. दोन्ही असतील तर ते कवच पुष्कळ काळ तळावर लोळत पडलेलं होतं आणि त्याला शेजारच्या पुरलेल्या अर्चिनांबरोबर मोजू नये. आणि एखादं गोल भोक दिसलं तर त्याचा व्यास आणि कवचावरची जागा. मग त्याच जागचा दोन किलो सुटा गाळ घ्या, पाण्यात भिजवून बारीक चाळणीवर धुवा आणि काटे, जबड्याचे तुकडे, दात वेगळे करा. बाघच्या गाठीच्या चुनखडकातून असा गाळ सुटत नाही. तिथे प्रत्येक थराचा हाताएवढा तुकडा कापून दोन दिशांनी पातळ छेद करावे लागतात, आणि त्या छेदांत गोल अर्चिनच्या काट्यांची चक्रं मोजली की हेमिॲस्टरच्या शेजारी आणखी कोण राहत होतं याचा पहिला खरा आकडा हाती येतो.